ड्राइव्हवरच्या कागदांची किल्ली कोणाकडे असते?

साताऱ्याहून एका वकील ताईंनी विचारलं आहे. त्या दिवाणी आणि कौटुंबिक दावे चालवतात. ऑफिसात दोन ज्युनिअर आणि एक टायपिस्ट आहे. खरेदीखतं, सातबारे, मृत्युपत्रं, पोटगीच्या दाव्यातले पगाराचे दाखले, दवाखान्याचे कागद असं सगळं स्कॅन होऊन एकाच जीमेल खात्याच्या गूगल ड्राइव्हवर जातं. एक सहकारी त्यांना म्हणाले, "गूगल सगळं वाचतं, काढून टाका." दुसरे म्हणाले, "सगळं एन्क्रिप्टेड असतं, निर्धास्त राहा." यातलं खरं काय, आणि अशिलांचे कागद तिथे ठेवावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, दोघांनीही अर्धंच सांगितलं. फायली एन्क्रिप्टेड असतात हे खरं. तुमच्या लॅपटॉपवरून निघालेली फाईल वाटेत कुणाला वाचता येत नाही, आणि गूगलच्या डिस्कवरही ती एईएस नावाच्या पद्धतीने कुलूपबंद करूनच ठेवलेली असते. डेटा सेंटरमधून कुणी डिस्क उचलून नेली तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. पण त्या कुलपाची किल्ली गूगलकडेच असते. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यांतही तसंच आहे. म्हणून 'क्लाउड सुरक्षित आहे का' असं कुणी विचारलं की मी आधी किल्ली कोणाकडे आहे ते पाहतो. गेली बावीस वर्षं पुण्यात वकील, सीए आणि डॉक्टरांच्या छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतोय, आणि ग्राहकाला किल्लीचं समजलं की पुढचं त्याचं त्यालाच उमगत जातं, हा माझा अनुभव आहे.

बँकेच्या लॉकरची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. एक किल्ली बँकेची, एक आपली. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. आपली हरवली तर बँकेला कारागीर बोलावून साक्षीदारांसमोर तो फोडावा लागतो. ड्राइव्हवर मात्र दोन्ही किल्ल्या कंपनीच्याच जुडग्यात असतात. तुमच्याकडे असतो तो पासवर्ड, म्हणजे दारावरच्या माणसाने ओळखून आत सोडावं एवढ्यापुरती खूण. पासवर्ड विसरलात तर मोबाईलवर ओटीपी मागवून तुम्ही पुन्हा आत जाता आणि सगळ्या फायली जागच्या जागी असतात. ही मोठी सोय आहे. पण पासवर्ड हीच जर कुलपाची किल्ली असती, तर ती हरवल्यावर फायली उघडल्याच नसत्या.

आता वाचण्याचं. माणूस बसून वाचत नाही, यंत्र वाचतं. हे तुम्हाला आत्ता, दोन मिनिटांत पाहता येईल. ड्राइव्हवर एखाद्या पॅन कार्डाचा नुसता फोटो असेल, फाईलचं नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे असं काहीतरी असेल. वरच्या शोधपट्टीत त्या कार्डावरचं नाव इंग्रजीत टाका. बहुतेक वेळा तो फोटो समोर येतो. फाईलच्या नावात ते नाव कुठेच नव्हतं. म्हणजे तुम्ही अपलोड केल्यावर यंत्राने चित्रातली अक्षरं ओळखली, त्यांची सूची करून ठेवली आणि तुम्ही विचारल्यावर ती दाखवली. शोधायची सोय हवी असेल तर हे वाचन होणारच. त्याशिवाय व्हायरससाठी, फसवणुकीच्या फायलींसाठी आणि लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांसाठी तपासणी होते. ड्राइव्हमधला मजकूर जाहिरातींसाठी वापरत नाही असं गूगल स्पष्ट सांगतं, आणि त्यावर अविश्वास ठेवायला माझ्याकडे कारण नाही.

पण यंत्र वाचतं म्हणजे यंत्र निवाडाही करतं, आणि तिथे चूक होते. ३१ ऑक्टोबर २०१७ ला गूगल डॉक्सवर जगभरातल्या अनेकांची साधी कागदपत्रं 'नियमभंग' म्हणून अचानक बंद झाली. प्रणालीतल्या दोषामुळे तसं झाल्याचं कंपनीने त्यानंतर सांगितलं आणि दुरुस्ती केली. त्याहून गंभीर प्रकार सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांचा, जो ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या लहान मुलाच्या गुप्तांगाला सूज आली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून फोनवर फोटो काढले. ते बॅकअपमध्ये गेले, यंत्राने ते शोषणाचे समजले, आणि ईमेल, फोटो, फोन नंबर असं सगळं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी कंपनीने खातं परत दिलं नाही.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. तुमच्याकडे कौटुंबिक दावे येतात. मुलाच्या ताब्याचा वाद, घरातली मारहाण, कधी पोक्सोतलं एखादं प्रकरण. त्यातले मुलांचे फोटो, वैद्यकीय तपासणीची चित्रं साध्या ड्राइव्हवर किंवा गूगल फोटोजमध्ये जाता कामा नयेत. त्या मुलासाठी म्हणून तर नाहीच नाही. शिवाय त्या एका फाईलपायी तुमच्या ऑफिसचं अख्खं खातं, सगळ्या तारखा, सगळे दावे एका रात्रीत बंद होऊ शकतात. न्यायालयासमोर दाद मागता येते तशी तिथे समोरासमोर मागता येत नाही.

कंपन्यांच्या हातूनही चुका होतात. १९ जून २०११ ला ड्रॉपबॉक्समध्ये जवळजवळ चार तास कुठल्याही खात्याला कुठलाही पासवर्ड चालत होता. त्याच कंपनीतून २०१२ मध्ये चोरीला गेलेले सुमारे ६ कोटी ८० लाख ईमेल पत्ते आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे गणिताने गिचमिड केलेले पासवर्ड, २०१६ मध्ये बाहेर आले. एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामाच्या खात्याला वापरला होता, तिथून ते सुरू झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलकडून आपला डेटा उतरवून घेणाऱ्या काही लोकांचे खाजगी व्हिडिओ अनोळखी लोकांच्या गठ्ठ्यात गेले. अशा घटना क्वचित होतात. या कंपन्यांकडे जेवढे हुशार सुरक्षा अभियंते आहेत तेवढे तुमच्या-माझ्या ऑफिसात कधीच असणार नाहीत, आणि घरातल्या पेनड्राइव्हपेक्षा ड्राइव्हवरची फाईल जास्त सुखरूप असते, हे मी मनापासून मानतो. पण व्हायचं ते झालंच, तर किल्ली कोणाकडे होती यावर सगळं ठरतं.

सरकारचंही तसंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९, ज्याखाली सरकार मजकूर उलगडून मागू शकतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तांत्रिक बाजू एवढीच, की ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला आदेशावरून मजकूर देता येतो. किल्ली नसली तर त्याच्याकडे द्यायला फक्त गिचमिड असते. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउडसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' नावाची सोय आणली. ती सुरू केली की बहुतेक फायलींची किल्ली फक्त तुमच्या उपकरणांवर राहते. ब्रिटनच्या सरकारने ॲपलकडे प्रवेश मागितला, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ती सोयच तिथल्या ग्राहकांसाठी मागे घेतली. किल्ली ग्राहकाकडे असल्याने केवढा फरक पडतो हे त्यावरून समजतं. भारतात ही सोय चालू आहे, पण डीफॉल्टने बंद असते. ती आपणहून सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावी लागते.

एवढं सगळं कंपनीबद्दल सांगितलं. पण बावीस वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर जे कागद फुटले ते कुठल्याच कंपनीच्या दारातून गेले नाहीत. ते आपल्याच माणसाने दिलेल्या लिंकवरून गेले.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीने मला बोलावलं. पुनर्विकासाचं चाललं होतं. ६४ सभासद. संमतीपत्रासोबत प्रत्येकाचं आधार, पॅन, खरेदीखताचं पहिलं पान आणि रद्द केलेला चेक असं सगळं सेक्रेटरींनी एका फोल्डरमध्ये गोळा केलं होतं. बोलावण्याचं कारण वेगळंच होतं, त्यांच्या खात्यात जागा संपली होती. मी फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर उघडलं. खाली लिहिलं होतं, 'एनीवन विथ द लिंक', आणि शेजारी 'एडिटर'. सेक्रेटरी म्हणाले, "सभासदांना स्वतः अपलोड करता यावं म्हणून केलं होतं." मी ती लिंक कॉपी केली, इनकॉग्निटो खिडकी उघडली, म्हणजे जिथे कुणीच लॉगिन नाही अशी कोरी खिडकी, आणि तिथे लिंक टाकली. फोल्डर उघडला. फ्लॅट नंबर लावलेले ६४ उपफोल्डर एकाखाली एक. मी एक उघडला. त्या बाईंचं आधार कार्ड फोटोसकट अख्ख्या स्क्रीनवर आलं. सेक्रेटरी खुर्चीतून उठून पुढे आले आणि म्हणाले, "हे कुणालाही दिसतंय?"

ती लिंक त्याच्या चार वर्षं आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. दरम्यान सहा फ्लॅट विकले गेले होते, कितीतरी भाडेकरू येऊन गेले होते. दोन दलाल ग्रुपमध्ये होते. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलाला ती लिंक फॉरवर्ड झाली होती, त्याने पुढे कुणाला दिली कुणास ठाऊक. सगळ्यांना त्यात बदल करायचाही अधिकार होता. म्हणजे एखाद्याचा रद्द केलेला चेक काढून दुसरा ठेवता आला असता. लिंक बंद करायला मला दहा सेकंद लागली. त्या चार वर्षांत कुणी काय उतरवून घेतलं, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. अनोळखी माणूस लिंकवरून आला तर ड्राइव्ह त्याचं नाव दाखवत नाही. सेक्रेटरी फार सज्जन माणूस, संध्याकाळी त्यांनी एकेका सभासदाला स्वतः फोन केला.

तेव्हा ताई, आजच संध्याकाळी तुमच्या खात्यातले सगळे मुख्य फोल्डर एकेक करून उघडा आणि 'शेअर' पाहा. 'रिस्ट्रिक्टेड' दिसायला हवं. ज्यांना द्यायचं त्यांचे ईमेल पत्ते घालून द्या. बहुतेकांना 'व्ह्यूअर' पुरतं. फोल्डर शेअर केला की पुढे त्यात पडणारी प्रत्येक फाईल आपोआप शेअर होते, हे लोक विसरतात. अशिलाला द्यायचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तुमच्या कामाच्या फोल्डरमध्येच त्याला घेऊ नका. तुमच्या नोंदी त्याच्या नजरेस पडाव्यात असं तुम्हालाही वाटणार नाही.

एकाच जीमेल खात्याचं आता सांगतो, कारण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट ती वाटली. चौघांना एकच पासवर्ड माहीत आहे. टायपिस्टच्या मशीनवर ते खातं कायम उघडं आहे, ज्युनिअरांच्या फोनवर आहे. उद्या एक ज्युनिअर स्वतःचं ऑफिस काढेल, आणि त्याच्या खिशात तुमचं सगळं ऑफिस जाईल. तो माणूस चांगलाच असेल. त्याचा फोन रिपेअरच्या दुकानात अनलॉक करून देतील तेव्हाचं काय? प्रत्येकाचं वेगळं खातं करा. साध्या जीमेल खात्यांमध्ये मात्र एक अडचण येते. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ज्युनिअरने टाकलेल्या फाईलचा मालक ज्युनिअरच राहतो. तो गेला आणि त्याने आपली फाईल काढली तर तुमच्याकडूनही गेली. गूगल वर्कस्पेस ही ऑफिसांसाठीची पैसे भरून घ्यायची सेवा आहे, तिच्या काही योजनांत 'शेअर्ड ड्राइव्ह' मिळतो, त्यात फायलींची मालकी ऑफिसची राहते आणि माणूस गेला की त्याचं खातं तुम्ही बंद करू शकता. तीन-चार माणसांच्या ऑफिसला तो खर्च करण्यासारखा आहे असं माझं ठाम मत आहे.

खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनचं किंवा मशीनचं लॉक उघडून आत जायची सोय, वापरता आली तर उत्तमच. एसएमएसचा ओटीपी त्याहून कच्चा, कारण तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून ओटीपी वळवण्याचे प्रकार होतात. बॅकअप कोडचा कागद छापून कपाटात ठेवा. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर कुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे त्याची यादी असते. ती पाहिल्यावर जवळजवळ प्रत्येक ऑफिसात एखादा फोन असा निघतो की जो कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही.

आता किल्ली स्वतःकडे कशी घ्यायची ते. प्रोटॉन ड्राइव्हसारख्या सेवा आहेत, जिथे फाईल तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन मग वर जाते आणि कंपनीकडे किल्ली नसते. पण तुमचं सगळं काम गूगलवर बसलेलं आहे. ते हलवायला लावणं मला व्यवहारी वाटत नाही. मी माझ्या वकील ग्राहकांकडे क्रिप्टोमेटर बसवतो. हे जर्मनीत तयार होणारं मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो असं, सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर फुकट मिळतं, फोनवर पूर्ण वापरायला थोडे पैसे पडतात. ते ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये एक 'व्हॉल्ट', म्हणजे तिजोरी तयार करतं. पासवर्ड घातला की लॅपटॉपवर ती एखाद्या नव्या ड्राइव्हसारखी दिसते. त्यात तुम्ही 'हक्कसोडपत्र, २०२३' अशी फाईल ठेवली की वर गूगलकडे पोहोचताना तिचं नावसुद्धा अर्थहीन अक्षरांची माळ होऊन पोहोचतं. मघाशी सांगितलेला शोधण्याचा प्रयोग ड्राइव्हच्या शोधपट्टीत पुन्हा करून पाहा, काहीही सापडणार नाही. किती फायली आहेत, अंदाजे केवढ्या आहेत आणि कधी बदलल्या एवढं बाहेरून कळतं. आतलं काही नाही.

याची किंमत मोजावी लागते, ती आधीच सांगतो. तिजोरीतली फाईल ब्राउझरमध्ये उघडणार नाही, ड्राइव्हचा शोध चालणार नाही, दोघांनी एकदम गूगल डॉक्समध्ये लिहायचं तर ते तिजोरीत जमणार नाही. एकाच वेळी दोन मशीनवर तीच फाईल उघडली तर दोन प्रती तयार होऊन गोंधळ होतो. आणि ज्याला पासवर्ड दिला त्याला तिजोरीतलं सगळं मिळतं. म्हणून माझ्या ग्राहकांना मी सगळं ऑफिस तिजोरीत कोंबायला सांगत नाही. निकालपत्रं, छापील कायदे, न्यायालयात दाखल होऊन गेलेल्या अर्जांच्या प्रती उघड्या ड्राइव्हवर राहू देत. मृत्युपत्रं, वैद्यकीय कागद, पोटगीच्या दाव्यातली बँकेची स्टेटमेंटं, अशिलाने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं टिपण, मुलांशी संबंधित काहीही, हे तिजोरीत. अगदी नाजूक प्रकरणाला वेगळी तिजोरी, जिचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे.

ड्राइव्ह लॅपटॉपवर सिंक केलेला असेल तर उघड्या फोल्डरांच्या प्रती लॅपटॉपच्या डिस्कवरही असतात. म्हणून डिस्कलाही कुलूप हवं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. लॅपटॉप कोर्टातून परतताना एसटीत राहिला तर हेच उपयोगी पडतं.

ओळखपत्रांसाठी स्कॅनची साठवण करूच नका, निदान जिथे टाळता येईल तिथे. जुलै २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये लायसन्स, आरसी, गुणपत्रिका थेट देणाऱ्या खात्याकडून येतात आणि २०१६ च्या नियमांत २०१७ मध्ये केलेल्या दुरुस्तीने त्यांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. अशिलाचं आधार घ्यायचं तर मास्क केलेलं मागा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. आणि ई-आधारची पीडीएफ पासवर्डची आहे म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे, त्याला ती उघडता येते.

कागद आणखी कुठून फुटतात, तर ज्या वाटा आपण क्लाउडमध्ये धरतच नाही तिथून. ई-फायलिंग करताना पीडीएफ मोठी होते. टायपिस्ट शोधतो 'पीडीएफ लहान करा', पहिली मिळेल ती वेबसाइट उघडतो आणि अख्खं दाव्याचं बाड तिथे चढवतो. ती कुठल्या देशातली, फाईल नंतर पुसते की नाही, कुणालाच ठाऊक नसतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा फुकट साइट्सबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण काही साइट्स फाईल बदलून देताना मालवेअर घालत होत्या. जोडायला, तोडायला पीडीएफसॅम मशीनवर बसवा, ते इंटरनेटशिवाय चालतं. आकार लहान ठेवायचा तर स्कॅन करतानाच काळं-पांढरं आणि कमी डीपीआय निवडा, मग पुढचा खटाटोपच वाचतो. स्कॅनसाठी ड्राइव्हच्या ॲपमध्येच सोय आहे. कॅमस्कॅनर कुणाच्या जुन्या फोनवर उरलं असेल तर काढून टाका. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ते होतं, आणि त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला होता.

दुसरी वाट व्हॉट्सॲप. अशील कागद तिथेच पाठवतो, तुम्ही त्याला अडवू शकणार नाही. पण चॅटचा बॅकअप गूगल खात्यात जातो तो आपोआप तुमच्या किल्लीने बंद होत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय आहे, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन ती चालू करा. गूगल फोटोजमध्ये 'व्हॉट्सॲप इमेजेस' फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर अशिलाच्या जखमेचा फोटो घरच्या टीव्हीवर लग्नाच्या फोटोंमध्ये दिसेल. मी एका डॉक्टर बाईंच्या घरी हे होताना पाहिलं आहे, आणि त्या बाईंचा चेहरा अजून विसरलो नाही.

एआय चॅटबॉटमध्ये करारनामा चिकटवून 'सोपा करून सांग' म्हणणारे ज्युनिअर आता प्रत्येक ऑफिसात आहेत. त्यांना सांगा, नावं, पत्ते, गट नंबर काढल्याशिवाय काही चिकटवायचं नाही. जुलै २०२५ च्या सुमारास लोकांनी शेअर केलेल्या चॅटजीपीटीतल्या काही गप्पा गूगलच्या शोधात येऊ लागल्या होत्या. त्यानंतर ती सोय काढली गेली. तिथेही मूळ तेच होतं, शेअर केलेली लिंक.

कायद्याबाबत मी दोनच ओळी लिहितो, तो तुमचा प्रांत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात, कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या डेटाला कलम १७ ने बरीच सूट दिली आहे. पण वाजवी सुरक्षा ठेवण्याची कलम ८(५) मधली जबाबदारी त्या सुटीत येत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. साताऱ्यातल्या ऑफिसाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण अशिलाने उद्या विचारलं की माझे कागद तुम्ही कसे ठेवले होते, तर सांगायला काहीतरी हवं. तसंही भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२, म्हणजे अशिलाने सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन, तुम्ही माझ्याआधीपासून पाळत आला आहात.

तिजोरी करताना एक गोष्ट घाईत करू नका. क्रिप्टोमेटर सुरुवातीला एक रिकव्हरी किल्ली देतं, इंग्रजी शब्दांची लांबलचक ओळ. ती छापा. फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, तो पुन्हा बॅकअपमध्ये जाईल. एक प्रत बंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी घरच्या ज्या माणसावर तुमचा भरवसा आहे त्याच्याकडे. इथे 'फरगॉट पासवर्ड' नाही. पासवर्ड आणि ही ओळ दोन्ही गेलं तर मी काय, कंपनीचे लोकही काही करू शकत नाहीत. म्हणून आधी चार बिनमहत्त्वाच्या फायली तिजोरीत टाका, दुसऱ्या मशीनवर ती उघडून पाहा, रिकव्हरी किल्लीने पासवर्ड बदलूनही पाहा. हे जमलं की मगच खऱ्या फायली हलवा. हलवून झाल्यावर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर तिजोरीची प्रत घ्या, आणि त्यानंतर ड्राइव्हवरच्या जुन्या उघड्या प्रती काढा. काढलेल्या फायली ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. तोवर काही राहून गेलं का ते तपासा आणि मग ट्रॅशही रिकामा करा.